शपथ कुठवर पुरते?

मुलांनो, दिवसातून तुम्ही किती शपथा घेता, कधी मोजलंत का? आमच्या गागोदे बुद्रुकमध्ये मधल्या सुट्टीत मी एकदा सहज मोजायला बसले, तर दोन्ही हातांची बोटं पुरेनात. "आईशपथ, मी नाही ढकललं!" "विद्येची शपथ, वही घरीच राहिली!" "देवाशप्पथ, तो आऊट होता!" गळ्याला चिमटा काढायचा, शपथ घ्यायची आणि दुसऱ्यानं "शपथ सुटली" म्हटलं की मोकळं व्हायचं. किती सोपं!

पण एक शपथ अशी असते की ती इतक्या सहज सुटत नाही. घरातलं एखादं मोठं माणूस दारू पितं. रात्री आरडाओरडा होतो, भांडी आपटतात. सकाळी त्या माणसाला स्वतःचीच लाज वाटते. मग आजी म्हणते, "घे शपथ, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून. पुन्हा शिवणार नाही म्हण." तो माणूस डोळे पुसतो, लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो, शपथ घेतो. घरात सणासारखं वाटतं. चार दिवस जातात, आठ दिवस जातात. आणि मग एका संध्याकाळी तोच वास, तीच अडखळती पावलं.

एकदा एक मुलगी शाळा सुटल्यावर मागे रेंगाळली. तिचा वर्ग, तिचं गाव मी सांगणार नाही. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत ती म्हणाली, "बाई, माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्या बाबांनी मोडली. आता मला काय होणार?" दोन दिवसांपूर्वीच तिला ताप येऊन गेला होता. तिनं ताप आणि शपथ यांची बेरीज करून टाकली होती.

मी तिला जे सांगितलं ते आधी तुम्हालाही सांगते. कारण हा प्रश्न पोटात ठेवून झोपणारी मुलं पुष्कळ असतात. तुम्हाला काहीही होणार नाही. ताप जंतूंमुळे येतो, शपथ मोडल्यामुळे नाही. बाबा पितात ते तुम्ही खोड्या करता म्हणून नाही, तुम्हाला गणितात कमी गुण पडले म्हणूनही नाही. आणि ते थांबले नाहीत, याचा अर्थ त्यांची तुमच्यावर माया नाही, असाही नाही.

"मग ते शपथ मोडतात कशाला?" तिनं लगेच विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. आज त्याच प्रश्नाचं उत्तर आपण नीट शोधू या.

आपल्या मेंदूत एक छोटीशी बक्षीस देणारी यंत्रणा आहे. तहान लागल्यावर पाणी प्यालो, आईनं जवळ घेतलं, कबड्डीत गडी बाद केला, की मेंदूत डोपामीन नावाचं रसायन पाझरतं आणि आपल्याला बरं वाटतं. "हे पुन्हा कर," असं मेंदू सांगतो. दारू, तंबाखू, गर्द हे पदार्थ या यंत्रणेत मागच्या दारानं शिरतात आणि काहीही न कमावता बक्षीस उकळतात. काही दिवसांनी तेवढ्यावर भागत नाही. मेंदू म्हणतो, आणखी हवं. मग तो त्या पदार्थाला धरूनच आपलं सगळं वेळापत्रक लावतो. पदार्थ मिळाला नाही तर अंग थरथरतं, झोप उडते, जीव कासावीस होतो. सुरुवातीला माणूस मजेसाठी पितो. पुढे तो बरं वाटावं म्हणून नव्हे, तर वाईट वाटू नये म्हणून पितो. इथं तो आजारी झालेला असतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं १९५६ सालीच म्हटलं होतं की दारूचं व्यसन हा आजार आहे, त्याच्यावर उपचार झाले पाहिजेत.

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा हात वर करील. "पण बाई, गांधीजींनी नव्हती का शपथ पाळली?" हो, पाळली. १८८८ साली विलायतेला निघताना त्यांनी आईला वचन दिलं होतं की दारूला शिवणार नाही. आणि ते त्यांनी आयुष्यभर पाळलं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांनी हे वचन दारूची सवय लागण्यापूर्वी दिलं होतं. त्यांचं शरीर दारू मागत नव्हतं.

भरल्या नदीच्या काठावर उभं राहून "मी पाण्यात उतरणार नाही" अशी शपथ घेता येते, आणि पाळताही येते. पण प्रवाहात सापडलेल्या माणसाला काठावरून ओरडून सांगितलं, "घे शपथ, बुडणार नाही म्हणून!" तर त्याचा काय उपयोग? त्याला दोर हवा, हात हवा, पोहणारी माणसं हवीत. मुलांनो, तुम्ही आज काठावर आहात. तुमची शपथ पुरते. प्रवाहातल्या माणसाला मात्र उपचारच लागतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी आमच्या घरात पाहिलं आहे. २००२ साली मी आणि माझी मामेबहीण दोघी पाचवीत होतो. मामा ट्रक चालवायचा. स्वभावानं इतका प्रेमळ की गाडी घेऊन आला की आळीतली सगळी पोरं त्याच्याभोवती. पण पिणं वाढत गेलं आणि गाडी हातातून गेली. त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून तीनदा शपथ घेतली. दोनदा मोडली. (हे सगळं मी तिला आणि मामाला विचारून लिहिते आहे, बरं का. मामा म्हणाला, "लिही. कुणाच्या तरी कामी येईल.")

तिसऱ्या वेळी मात्र त्यानं खरोखरच एका दिवसात सोडली. सगळ्यांना वाटलं, आता जिंकलो. पहिल्या रात्री त्याचे हात थरथरायला लागले. चहाची कपबशी धरवेना. घामानं सदरा भिजला. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणू लागला, "मुंग्या बघा, मुंग्या! केवढ्या चढल्यात!" भिंतीवर एकही मुंगी नव्हती. शेजारी म्हणाले, बाहेरचं झालंय, भगताला बोलवा. माझ्या आईनं ऐकलं नाही. तिनं टेम्पो केला आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "भूतबित काही नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की असं होतं. जिवावर बेतू शकतं. बरं झालं, वेळेवर आणलंत."

म्हणून पालकांनो, ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अनेक वर्षं रोज दारू पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकदम सोडायला लावू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायला लावा. ते औषधं देऊन थरथर, फिट आणि भास आटोक्यात ठेवतात. ब-१ जीवनसत्त्व देतात, कारण दारूमुळे ते शरीरात कमी पडतं आणि मेंदूला इजा होते. या पहिल्या टप्प्याला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. शरीरातलं विष उतरतं. पण एवढ्यावर उपचार संपत नाही. खरं तर इथून तो सुरू होतो.

आमच्या मामीला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मामा घरी आला आणि महिनाभरात पुन्हा प्यायला लागला. मामीनं एस.टी.तून जाताना भिंतीवर रंगवलेली जाहिरात पाहिली होती. तुम्हीही पाहिली असेल. "न सांगता दारू सोडवा. चहातून, भाजीतून द्या." तिनं पैसे साठवून पुडी आणली आणि चहात घातली. त्या संध्याकाळी मामा पिऊन आला आणि अंगणातच कोसळला. चेहरा लालभडक, छाती धडधडतेय, श्वास लागलेला. पुडीत काय होतं ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

डॉक्टरांकडे दारू सोडायला मदत करणारं एक खरंखुरं औषध आहे. त्याचं नाव डायसल्फिराम. १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते उपचारासाठी पुढे आणलं. त्याची गंमत ऐका. हे रसायन रबराच्या कारखान्यात वापरलं जायचं, आणि तिथल्या कामगारांना दारू प्याली की त्रास व्हायचा, असं आधीच दिसून आलं होतं. होतं काय, की दारू पोटात गेल्यावर तिचं आधी एक विषारी रसायन बनतं. शरीर त्याची लगेच विल्हेवाट लावतं. डायसल्फिराम ही विल्हेवाट थांबवतं. विष साठत जातं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हे ज्याला माहीत आहे तो गोळी घेऊन दारूपासून लांब राहतो. ती गोळी म्हणजे त्यानं स्वतःच स्वतःला घातलेलं कुंपण. पण ज्याला माहीतच नाही, तो नेहमीसारखा पितो आणि त्याच्या हृदयावर बेतू शकतं. म्हणून कोणतंही औषध चोरून द्यायचं नाही. डॉक्टर तपासतील, त्या माणसाला समजावून सांगतील, त्याची संमती घेतील आणि मगच देतील. दारूची ओढ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत. गर्दसारख्या व्यसनात डॉक्टर पर्यायी औषधं देतात, तीही कधी कधी पुष्कळ दिवस चालू ठेवावी लागतात. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण दुबळा म्हणत नाही ना? मग यालाही म्हणायचं नाही.

गर्दचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगते. १९८०च्या दशकात ही पूड मुंबई-पुण्यात पसरली. चांगल्या चांगल्या घरांतली तरुण मुलं तिच्या विळख्यात सापडली. लेखक अनिल अवचट त्या मुलांना जाऊन भेटले, त्यांच्या घरी गेले आणि त्यांनी वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. होय, तेच पुलं, ज्यांच्या धड्यांनी तुमचे आई-बाबा खो-खो हसले. त्यांनी या मुलांच्या उपचारांसाठी एक लाख रुपये दिले. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांनी ते काम अंगावर घेतलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

नाव पाहा किती छान, मुक्तांगण! तिथं व्यसनी माणसाला मारत नाहीत, साखळीनं बांधत नाहीत. साधारण पाच आठवडे तो तिथं राहतो. आधी औषधं, आणि मग एक ठरलेला दिनक्रम. सकाळी वेळेवर उठायचं, व्यायाम करायचा, केर काढायचा, आपली कामं आपण करायची. समुपदेशकांशी बोलायचं, आणि गटात गोल करून बसायचं. गटात प्रत्येकजण आपली गोष्ट खरी खरी सांगतो. कुणी हसत नाही, कारण सगळ्यांची गोष्ट जवळजवळ तीच असते. तिथले अनेक कार्यकर्ते एकेकाळी तिथलेच रुग्ण होते. अनिता अवचट स्वतः कर्करोगाशी झुंजत असतानाही हे काम करत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या, २०२२ साली अनिल अवचटही गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हिनं पुढे ही धुरा घेतली. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी त्याहीआधी, १९८१ साली, कृपा फाउंडेशन सुरू केली होती. ते स्वतः या आजारातून उठले होते, म्हणून त्यांना दुसऱ्याचं दुखणं कळलं.

आमच्या मामालाही अखेर पुण्याच्याच एका केंद्रात नेलं. मामीचे भाऊ, माझे वडील आणि आळीतले दोघे असे चौघे सोबत गेले. परत आला तेव्हा त्याच्या गालांवर मांस आलं होतं. बहिणीला त्यानं कागदाचा पक्षी करून आणला होता, शेपटी ओढली की पंख हलवणारा. सात महिने सगळं छान चाललं. मग गणपतीत जुने मित्र भेटले आणि मामा पुन्हा प्यायला.

घरात पुन्हा रडारड. मामी म्हणाली, पैसे पाण्यात गेले. पण केंद्रातल्या ताई फोनवर म्हणाल्या, "सात महिने पाण्यात कसे जातील? ताप उलटतो तेव्हा आपण रोग्याला घराबाहेर काढतो का? घेऊन या." मामा पुन्हा गेला. या वेळी त्यानं एक गोष्ट ओळखली. जुने मित्र, जुना नाका आणि हातात खुळखुळणारे पैसे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याचा पाय घसरतो. मग त्यानं वाट बदलली. पगार मामीच्या हातात द्यायला लागला. आणि दर आठवड्याला एका सभेला जायला लागला. २००६ सालापासून त्यानं थेंबालाही स्पर्श केलेला नाही.

ही सभा कसली? तिची कथा मोठी सुरस आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन गावात न्यूयॉर्कचा बिल नावाचा एक शेअरबाजारातला माणूस कामासाठी आला होता. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलात तो एकटाच उभा होता. एका बाजूला दारूच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याला वाटलं, आता आपण घसरणार. पण तो बारकडे गेला नाही, टेलिफोनकडे गेला. धर्मगुरूंना फोन करून विचारू लागला, "तुमच्या गावात माझ्यासारखा दारूनं गांजलेला कुणी आहे का? मला त्याच्याशी बोलायचंय." अशा रीतीनं त्याची गाठ डॉक्टर बॉब यांच्याशी पडली. डॉक्टर बॉब शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर, पण दारूपुढे हरलेले. ते म्हणाले होते, पंधरा मिनिटं देतो. दोघं बोलत बसले ते रात्री अकरा वाजून गेले तरी उठेनात! बिलनं त्यांना उपदेश केला नाही. स्वतःची गोष्ट सांगितली, एवढंच. त्यानंतरही डॉक्टर बॉब एकदा घसरले. पण १० जून १९३५ रोजी ते शेवटचं प्याले, आणि १९५० साली मरेपर्यंत पुन्हा कधीच प्याले नाहीत. या दोघांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'ए.ए.' ही चळवळ उभी राहिली. आज जगभर, आपल्या महाराष्ट्रातही, तिच्या मराठीतून सभा भरतात. फी नाही, आडनाव सांगायचं नाही, जातपात विचारायची नाही.

या सभेत शपथ कशी घेतात, ठाऊक आहे? "जन्मभर पिणार नाही" असं कुणी म्हणत नाही. "फक्त आजचा दिवस पिणार नाही," असं म्हणतात. उद्या उठल्यावर पुन्हा तेच. जन्मभराचा डोंगर बघून छाती दडपते, पण एक दिवस कुणालाही पेलता येतो.

आम्हा गागोदेकरांना हे पटकन समजतं. विनोबा भावे यांचा जन्म आमच्या गावातला, ११ सप्टेंबर १८९५चा. १९५१ साली ते भूदानासाठी पायी निघाले आणि पुढची सुमारे तेरा वर्षं देशभर चालत राहिले. मी वर्गात मुलांना विचारते, "एवढा मोठा देश ते चालले कसे?" मुलं सांगतात, "रोज थोडं थोडं, बाई!" अगदी बरोबर. आज पुढच्या मुक्कामापर्यंत, उद्या त्याच्या पुढच्या. आणि एकटे नव्हे, सोबत माणसं घेऊन.

सोबत हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. कुणी म्हणेल, "आमच्या आजोबांची दारू तर माळ घातल्यावर सुटली." सुटली असेल. अशी माणसं मीही पाहिली आहेत. पण जरा बारकाईनं बघा. माळेबरोबर काय काय आलं? रोजचं भजन आलं, एकादशी आली, दरवर्षीची वारी आली, आणि "काय माउली, काल दिसला नाहीत?" असं विचारणारे दहा लोक आले. संध्याकाळची वेळ भरली आणि वाट बदलली. मुक्तांगणात काय, सभेत काय, दिंडीत काय, एकटं पडलेलं माणूस पुन्हा माणसांत येतं. नुसती माळ खुंटीला टांगून ठेवली तर ती काय करील? गडचिरोली जिल्ह्यात २०१६ साली सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' या कामात तर उपचारच गावापर्यंत नेले आहेत. गावातल्या बायाबापड्या संघटना करतात आणि व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी गावातच शिबिर भरतं. दारूविक्री कमी झाली आणि उपचार दाराशी आले, तर सोडणाऱ्याला दोन्हीकडून टेका मिळतो.

तरीही उपचार मिळणारे फार थोडे, हे दुःख आहे. दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयानं केंद्र सरकारसाठी केलेली देशभराची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले होते! बाकीचे सदतीस कुठं असतील? त्यांच्या घरी शपथा चालू असतील, पुड्या चालू असतील, किंवा नशिबाला बोल लावणं चालू असेल.

आता पुन्हा तुमच्याशी, मुलांनो. माझी मामेबहीण त्या वर्षांत खेळायला यायचीच नाही. "मी घरी नसले तर बाबा पितील," म्हणायची. बाटल्या शोधून ओतून द्यायची. रात्री बाबा येईपर्यंत जागी राहायची आणि शाळेत पेंगायची. अकरा वर्षांची पोर वॉचमनचं काम करत होती! अमेरिकेत १९५७ साली अशाच घरांतल्या किशोरवयीन मुलांनी स्वतःची सभा सुरू केली. तिचं नाव 'अलाटीन'. तिथं मुलं एकमेकांना हेच सांगतात, की हा आजार आपल्यामुळे आला नाही, आपल्याला तो ताब्यात ठेवता येत नाही, आणि तो बरा करणं हे आपलं काम नाही. आपलं काम वाढणं, शिकणं, खेळणं.

तरी तुमच्या हाती काही गोष्टी आहेत. प्यालेल्या माणसाशी वाद घालू नका, त्याला जाब विचारू नका. जे बोलायचं ते सकाळी बोला. "बाबा, काल मला भीती वाटली," एवढं एक वाक्य पुरतं. प्यालेल्या माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसू नका, मग तो कितीही जवळचा असो. रात्री भीती वाटली तर कुणाच्या घरी जायचं, ते घर आधीच ठरवून ठेवा. आणि विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा. आत्या, आजी, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, कुणीही चालेल. घरातली गोष्ट बाहेर सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. कुणी पाण्यात पडलं तर आपण ओरडतोच ना?

आणि पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलाला "जा रे, पुडी घेऊन ये" म्हणून टपरीवर पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आपल्या कोकणात घरोघरी मशेरी आहे. ती दात घासायची पूड वाटते, पण आहे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. आईची मशेरी आणि बाबांची दारू, दोन्ही मेंदूच्या त्याच मागच्या दारानं शिरतात. म्हणून तिच्यासाठीही मदत घ्यायला लाजू नका. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६. दारू आणि इतर नशांसाठी १४४४६. मन फार खचलं असेल तर १४४१६. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, आपल्या रायगडकरांना ते अलिबागला भेटतील.

पुढच्या वेळी घरातलं कुणी सकाळी डोळे पुसत म्हणालं, "आता सोडतो," तर त्याचा हात लेकराच्या डोक्यावर ठेवू नका. तो हात आपल्या हातात घ्या आणि विचारा, "डॉक्टरांकडे कोणत्या दिवशी जायचं? सोबत कोण येणार?" दिवस ठरला की कॅलेंडरवर खूण करा. वार, गाडीची वेळ आणि सोबत येणाऱ्याचं नाव, तिन्ही लिहा.

मुलांनो, तुम्ही फक्त एक करा. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा फोन आहे. तो, आणि वरचे तिन्ही नंबर, वहीच्या शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवा. तुम्हाला कदाचित कधीच लागणार नाहीत. पण तुमच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला लागतील, आणि तो मागेल तेव्हा ते पान त्याच्यापुढे उघडून धरा. कशाला हवेत, असं मात्र विचारू नका.